खालची खिडकी

फोटोतले बाबा तिला ओळखू आले ते त्यांच्या उभं राहण्यावरून. डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं, अंगात कुणाचं तरी नारिंगी जाकीट होतं, पण डावा पाय जरा पुढे आणि दोन्ही हात पाठीमागे, असे ते फक्त पाण्याजवळ उभे राहत. मागे गोल ओली भिंत होती आणि तिच्यावर वरून पांढरा उजेड उतरला होता. शेजारी पायल होती, चिखलाने भरलेल्या बुटांत, दात दाखवून हसणारी. मैत्रेयीने फोन प्रयोगशाळेच्या टेबलावर पालथा ठेवला. ब्युरेटमधून आणखी दोन थेंब पडू दिले, फ्लास्कमधला निळा रंग गेला तसा आकडा लिहिला, आणि मगच फोन पुन्हा सुलटा केला. पायलचं स्टेटस होतं. खाली ओळ होती : 'आमचे धर्मपालकाका, जॅकवेलच्या तळाशी. वय फक्त चौऱ्याहत्तर!' सकाळी निघताना बाबा म्हणाले होते, विहारात मीटिंग आहे, दुपारपर्यंत येतो. खोटं बोलल्याचं तिला तितकंसं लागलं नाही. लागला तो 'आमचे' हा शब्द. तिने पुढचा नमुना घेतला, आणि पहिल्यांदाच तिला आठवेना की बाटली दोनदा हलवली की तीनदा.

जॅकवेल म्हणजे शहराच्या नव्या पाणीयोजनेची विहीर. काठापासून तीनशे मीटर आत, धरणाच्या पाण्यातच बांधत होते. आधी मुरूम टाकून बेट केलं होतं. बेटावर काँक्रीटचं एक मोठं कडं ओतायचं, त्याच्या पोटातली माती उपसायची, म्हणजे कडं स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. मग त्याच्यावर दुसरं कडं, मग तिसरं. भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर तीन खिडक्या सोडायच्या. ज्या उंचीवरचं पाणी त्या ऋतूत चांगलं असेल ती खिडकी उघडायची, बाकीच्या बंद. पायल त्या कामावरची ठेकेदाराची इंजिनियर. अठ्ठावीस वर्षांची, आर्णीकडच्या एका तांड्यावरची, फोनवर आईशी 'याडी, याडी' करत गोरबोलीत भांडणारी आणि फोन ठेवताच मजुरांशी वऱ्हाडीत भांडणारी. चार महिन्यांपूर्वी ती लोहाऱ्याच्या त्यांच्या घरी आली होती ती मैत्रेयीकडून पाण्याचा अहवाल न्यायला. मैत्रेयी आतून कागद घेऊन बाहेर येईपर्यंत पायल ओट्यावर, बाबांच्या खुर्चीजवळ, खालीच बसली होती. "काका, तुम्ही तीस वर्षं पंपहाउसवर होते म्हणते. मले एवढं सांगा, पावसाळ्यात गाळ कोन्या बाजूनं येते?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कागद हाये का वं पोरी तुयाजवळ?" आणि त्यांनी चित्र काढलं. मैत्रेयी अहवाल हातात धरून दारात उभी राहिली. बाबांना चित्र काढता येतं हे तिला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. नदीचं जुनं पात्र, बुडालेला गाडरस्ता, त्याच्या कडेचं बाभुळबन, सगळं त्या एका कागदावर आलं. तिने केलेला चहा दोघांच्या मध्ये साय धरेपर्यंत तसाच राहिला.

तिच्या लहानपणी ते धरणाजवळच्या गावात क्वार्टरमध्ये राहत. रविवारी बाबा तिच्या भावाला, संघर्षला, सायकलच्या नळीवर बसवून पंपहाउसवर नेत. संघर्ष तिच्याहून तीन वर्षांनी लहान, त्याला जायचंही नसे, तो रडे. ती अर्धी वेणी घातलेली, दुसरा पेड हातात धरून दारात उभी असे. "मी पण येते." "तिथं पोरीचं काय काम? मोटरीचा आवाज, संडास नाई, सारे बाप्ये." आई आतून म्हणे, "जाऊ दे त्याईले. तू अभ्यास कर." तिने अभ्यास केला. इतका केला की बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात पहिली आली, एम.एस्सी. झाली, पाण्याच्या प्रयोगशाळेत लागली, आणि आता शहर पितं ते पाणी आधी तिच्या हातून जात होतं. संघर्ष पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता आणि पंपहाउसची त्याला एकच गोष्ट आठवत असे, की तिथे त्याला विंचू दिसला होता. आता निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी बाबांना कुणीतरी बादलीत बसवून विहिरीत उतरवलं होतं आणि ते तिथे, त्या गोल ओल्या अंधारात, पाय पुढे टाकून उभे होते, तिच्याशिवाय. संघर्षचा हेवा तिने पचवला होता, कारण तो मुलगा होता आणि तेव्हाचा काळ तसा होता, असं उत्तर तिच्यापाशी तयार होतं. पायलच्या बाबतीत ते उत्तर चालेना. पायलही मुलगीच होती. म्हणजे अडचण मुलगी असण्याची नव्हतीच कधी, अडचण मैत्रेयी असण्याची होती, असा निष्कर्ष निघत होता आणि तो तिला खोडता येत नव्हता.

त्याच दुपारी तिने पायलचा नकाशा उघडला. कामाशिवाय उघडला, हे तिला माहीत होतं. चूक शोधायची असली की डोळे वेगळे चालतात, थोडे जवळून. तिसरी, सगळ्यात खालची खिडकी : 'पूर्ण भरलेल्या पातळीपासून बारा मीटर खाली.' तिने स्वतःचा आलेख बाजूला ठेवला. दोन वर्षं दर महिन्याला फकिराच्या नावेतून जाऊन, दोरीला बाटली बांधून, दोरीवर दर मीटरला लाल धागा गुंडाळून तिने मोजलेलं पाणी. मे महिन्यात नऊ मीटरला प्राणवायू संपत होता. त्याखालचं पाणी वर काढलं की आधी स्वच्छ दिसे, मग बाटलीतच पिवळं पडे, मग तपकिरी, आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येई; त्यात मँगनीज असे, त्याने धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे डाग पडत. नऊ. आणि खिडकी बाराला. तिला आनंद झाला. तो इतका स्पष्ट होता की तिने खुर्ची मागे सरकवली. खालची खिडकी खाली घ्यायला बाबांनीच सांगितलं असणार, पायल त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि दोघं मिळून चुकले होते. एरवी ती कुठलाही आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय बाहेर पाठवत नसे. त्या दिवशी तिने साडेचारच्या आत पत्र पाठवलं, साहेबांना प्रत लावून : खालची खिडकी किमान साडेतीन मीटर वर घ्यावी, अन्यथा दर उन्हाळ्यात शहराला काळं पाणी मिळेल.

पायलचा फोन दहा मिनिटांत आला. मैत्रेयीने वाद घालायची तयारी केली होती, वाक्यं जुळवली होती. "ताई, काका तर म्हणत होते की तिथंच ठीक हाये," पायल म्हणाली, "पण तुमचा ग्राफ हाये म्हणजे संपलाच विषय. तुम्ही शिकलेल्या. मी उचलते खिडकी." एवढंच. हवेवर लाथ मारल्यासारखं झालं. घरी जेवताना बाबा म्हणाले, "खिडकी वर घेतली म्हनते." "हो. माझ्या रिपोर्टवरून." "हं," बाबा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडून बराच वेळ हातात धरून बसले. फोटोबद्दल तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तो 'हं' तिने हार म्हणून घेतला आणि सोमवारची भाजी तिला बरी लागली.

मंगळवारी, बुधवारी ती बाबांकडे लक्ष ठेवून होती. फोन वाजला की ते उठून ओट्यावर जात. जाताना चप्पल घालत, आणि फोन संपल्यावरही थोडा वेळ हसरे राहत, दिवा विझवल्यावर काच गरम राहते तसे. बुधवारी संध्याकाळी ती अंबाडी निवडत होती. बाहेर बाबा हसले. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते, किंवा हसले असतील, ती नसताना. तिने नळ बंद केला, कारण नळाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. "नाई वं पोरी, येडी हायेस काय तू," बाबा म्हणत होते, "हे बेट मे महिन्यात कोरडंच राहाते. मे महिन्यात पानी बारावर असते. भरलं म्हंजे अठरा. तवा भेव नाई." पानी बारावर. हे शब्द तिने लहानपणी रोज सकाळी ऐकले होते. बाबा सायकलवरून येत, चप्पल न काढता क्वार्टरमधल्या ऑफिसच्या फोनचा रिसीव्हर उचलत, धरणातली पट्टी वाचून आलेला आकडा ओरडून सांगत, पानी चौदावर, पानी बारावर. तिच्यासाठी तो सकाळचा एक आवाज होता, दुधाच्या सायकलच्या घंटीसारखा. त्या आकड्याला काही अर्थ असतो असं तिच्या कधी मनात आलं नाही. तिच्या हातात अंबाडीची काडी होती. भरलं म्हणजे अठरा. अठरातून बारा गेले, सहा. खिडकी पट्टीवरच्या सहाला होती. मे महिन्यात पाणी बारावर. म्हणजे मे महिन्यात खिडकी पाण्याखाली फक्त सहा मीटर. आणि तिचे नऊ? तिचे नऊ नावेतून मोजलेले होते, त्या दिवशीच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून. बारातून नऊ गेले, तीन. काळं पाणी पट्टीवरच्या तीनला सुरू होत होतं. खिडकी त्याच्यावर तीन मीटर, अगदी चांगल्या पाण्यात होती. तिचा शून्य पाण्याबरोबर सहा मीटर खाली उतरला होता आणि तिने तो भरलेल्या धरणाला नेऊन टांगला होता. पाण्याचं रसायन शिकलेल्या माणसाला पृष्ठभाग हाच शून्य वाटतो. पाण्याचा पृष्ठभाग उतरतो हे धरणावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली. ओल्या बोटाने तिने ओट्याच्या काळ्या फरशीवर रेघा मारल्या आणि त्या वाळायच्या आत पुसल्या. तिच्या पत्राप्रमाणे खिडकी साडेनऊला जाणार होती. सात-आठ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा, नळ वीस-वीस दिवसांनी येत होते तेव्हाचा. त्या वर्षी पाणी आठवर गेलं होतं. हा आकडा मात्र तिला माहीत होता, कारण त्या उन्हाळ्यात तो सगळ्या शहराला माहीत होता. पुन्हा तसं वर्ष आलं तर धरणात आठ मीटर पाणी उभं असेल आणि त्यातलं घागरभरही विहिरीत शिरणार नाही. उद्या सकाळी आठला खालच्या खिडकीचं कडं ओतायचं होतं. खिडकीसाठी सोडायच्या जागेचा लाकडी खोका तिच्या पत्रावरून काढून टाकला होता. ओतलं की भिंत बंद.

तिला लगेच फोन करता आला असता. पायल त्या क्षणी बाहेरच्या ओट्यावरच होती, फोनमधून बाबांच्या कानाला. तिने केला नाही. कुणालाही कळणार नाही, हा पहिला विचार होता आणि तो भीतीचा होता, त्यामुळे तिला त्याची फारशी लाज वाटली नाही. दुसरा विचार हळू आला. चूक वर यायला दुष्काळ यावा लागेल. तेव्हा कुणी तिचं पत्र शोधणार नाही, नकाशा शोधतील. आणि नकाशावर सही पायलची आहे. लोक विचारतील, ही कुठली इंजिनियर, जिने धरणात पाणी असून शहर तहानेलं ठेवलं? बाबा तेव्हा असले तर वर्तमानपत्र चष्म्याजवळ धरून वाचतील. ते चित्र तिने बराच वेळ पाहिलं. त्यात पायल हसत नव्हती. ते चित्र तिला आवडत होतं, हे तिने, एखाद्या नमुन्याचा रंग पाहावा तसं, नीट पाहून घेतलं. मग बाबा आत आले आणि म्हणाले, "नळ काहून बंद केला? पानी गेलं काय?" "नाही," ती म्हणाली आणि नळ सुरू केला.

सकाळी सहाला तिने संदेश लिहिला : 'फेरविचारानंतर असे वाटते की'. खोडला. 'काही नवीन माहितीच्या आधारे'. खोडला. नवीन काहीच नव्हतं. तिने गाडीची किल्ली घेतली. "कुठं चालली?" बाबांनी विचारलं. "धरणावर." त्यांनी टोपी घातली आणि मागे बसले. राळेगावचा रस्ता सोडून आत वळल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता, खड्डा आला की घट्ट होणारा. एवढ्या वेळात सांगता आलं असतं. वाऱ्यात ऐकू येणार नाही असं तिने ठरवलं.

काठावर फकिरा नाव धुत होता. "मॅडम, आज बाटल्या नाई आनल्या? हात हलवतच?" मग बाबांना, "या धर्मपालभाऊ. तुमचं आधारकार्ड इकडचंच करून घ्या आता, रोजचं येनं हाये तं." बाबा खाली पाहून चपलेचा पट्टा नीट करू लागले. रोजचं. तिने तोही शब्द घेतला आणि बाकीच्यांजवळ ठेवला. पाण्यावरून मिक्सरचा आवाज येत होता.

बेटावर पायल कड्याच्या कडेला उभी होती, कानावर पेन्सिल, पँट गुडघ्यापर्यंत सिमेंटने पांढरी. पहिलं मिश्रण मिक्सरमध्ये फिरत होतं. "अरे ताई! काका, ताईले घेऊन आले?" "पायल, ओतू नको," मैत्रेयी म्हणाली. आवाजात ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं, आणि मग पुढचंही ओरडूनच, आठ मजूर, फकिरा आणि बाबा यांच्यासमोर. "खिडकी जिथं होती तिथंच बरोबर होती. मी चुकले. माझे नऊ मीटर मे महिन्यातल्या पाण्यापासून आहेत. भरलेल्या पाण्यापासून नाहीत." मिक्सर कुणीतरी बंद केला. शेवटचे तीन शब्द उगाच मोठे पडले. पायलचे ओठ हलले, ती बारातून नऊ वजा करत होती. "म्हणजे पट्टीवर तीन," ती म्हणाली. "तीन." "ताई, चार दिवस झाले." पायलचा आवाज मोठा नव्हता. "खोका काढाले दोन दिवस गेले माह्ये. सळया कापल्या. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या मी, ऐनवेळी बदल काहून केला म्हणून. आणि मी काकाले विचारलं होतं, दोन वेळा विचारलं. मनातून वाटत होतं मले. तरी तुमचा कागद मानला." मैत्रेयी म्हणाली, "हो." तिला समजूत हवी होती, असू द्या ताई, होते असं, ते पायलने म्हटलं नाही. त्याबद्दल क्षणभर तिला पायल आवडली, आणि ते तिला अजिबात सोसलं नाही. "मिक्सर खाली करा रे," पायल ओरडली. "खोका आना. सळया पुन्हा कापा लागते. तोंड काय पाहून राह्यले?" मिश्रण मुरमावर ओतलं गेलं. करड्या लगद्याचा ढीग थोडा पसरला आणि थांबला. एक मजूर दुसऱ्याला म्हणाला, "शिकलेल्या बायाचं असंच राहाते," आणि ते ऐकू येईल असंच म्हणाला. मैत्रेयीने वहीचं पान फाडलं, चुकीची दुरुस्ती तारखेसह लिहिली, सही केली आणि पायलला दिलं. पायलने ते घडी करून खिशात ठेवलं, वाचलं नाही, आणि कड्यात उतरली.

परतताना नावेत बाबा मध्ये बसले, ती पुढच्या फळीवर. मग बाबा म्हणाले, "मले वाटलंच होतं सोमवारी." तिने वळून पाहिलं. "काय वाटलं होतं?" "की तू पट्टी धरली नाईस म्हनून." "मग सांगितलं काहून नाही?" बाबा पाण्याकडे पाहत होते. "तू तो ग्राफ दाखोला होता मले, मागच्या साली. किती रंगाच्या रेघा. मी दहावी नापास मानूस. म्हटलं, एवढं मोजलं पोरीनं तं तिच्या हिशोबात असंन काहीतरी, आपल्याले न समजनारं." मग म्हणाले, "तुह्याशी बोलाचं म्हटलं की मले परीक्षेले बसल्यावानी होते." "आणि पायलशी?" हे विचारायचं नव्हतं. "ते इचारत राहाते," बाबा म्हणाले. "येड्यावानी इचारते. तू कधी काही इचारलं नाईस मले." क्वार्टरच्या दारातली अर्धी वेणी तिला आठवली. विचारलं होतं, मी पण येते, असं कितीदा तरी. पण ते विचारणं नव्हतं, मागणं होतं, आणि त्यानंतर तीस वर्षं तिने खरंच काही विचारलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांची वजाबाकी होत नव्हती.

वारा सुटला होता. नाव डुलू लागली, पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि काठाजवळच्या खांबावरची पट्टी, काळे-पांढरे आकडे रंगवलेली, दिसू लागली. पाणी तिच्यावर चढत होतं, उतरत होतं, एकाही आकड्यावर थांबत नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "पाणी असं हलत असलं तर वाचायचं कसं?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं, खरंच विचारते आहे का ते बघत. मग फळीवर थोडे पुढे सरकले. "लाट वर कुठवर जाते ते पाह्याचं. मग खाली कुठवर येते ते. दोहीच्या मधलं घ्याचं. पन पयल्या लाटेवर नाई, दहा लाटा जाऊ द्याच्या. आन् पट्टीकडं पाह्याचं नाई." "मग कुठं?" "पट्टीच्या बाजूच्या खांबाकडं. ओल्याची रेघ राहाते त्याच्यावर. लाट निंगून गेली का थे रेघ जराशी चमकते, थेच खरं पानी. कोनाले सांगितलं नाई मी हे. साहेब म्हनत, धर्मपाल, तुहा आकडा हलत काहून नाई बाबा?" ते हसले, खोकला येईपर्यंत नाही, पण हसले. तिने खांबाकडे पाहिलं. लाट गेली, रेघ चमकली, आणि वाळायच्या आत दुसरी लाट आली.

"पायलला सांगितलं हे?"

"नाई. तिनं इचारलंच नाई."

तिच्या छातीत काहीतरी उसळलं, गरम, हलकं, अगदी क्षुद्र. आपण कशामुळे खूश झालो आहोत हे तिला नेमकं कळत होतं. एक शहर तहानेतून वाचलं त्यामुळे नव्हे. पायल आत्ता त्या कड्यात गुडघाभर लगद्यात उभी राहून तिचीच चूक निस्तरत होती, हेही तिला दिसत होतं. तरी तो आनंद कमी होईना, आणि तिने तो कमी होण्याची वाट पाहिली नाही. फकिराने वल्हं मारलं. मैत्रेयी काठाकडे तोंड करून बसली, म्हणजे मागच्या दोघांनाही तिचा चेहरा दिसणार नव्हता.